जॉर्ज इन, लेकॉक : कुत्र्याचं चाक, माठातली बिअर आणि वाटीभर रस्सा

माझी कोल्हापुरात मंगळवार पेठेत खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केली, त्यांच्यामागं मी चालवते, मिळून ४२ वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण मी कुठंही जेवायला गेले की पहिल्यांदा ताटाकडं बघत नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघते. ते दार किती वेळा हलतंय, आतनं येणाऱ्या पोराचं तोंड कसं आहे, यावरनं निम्मं जेवण कळतं. उरलेलं निम्मं मोरीत जाऊन आलं की कळतं. हा अभिप्राय त्या नजरेचा आहे. इतिहासाची जाणकार मी नव्हे, आणि दारूची तर नव्हेच.

लेक-जावई इंग्लंडात स्विंडनला असतात. ऑक्टोबरात तीन आठवडे त्यांच्याकडं होते. लंडन बघून झालं, माळावरची ती स्टोनहेंजची मोठी दगडं बघून झाली. दुसऱ्या रविवारी जावई म्हणाले, "आई, आज तुम्हाला एक जुनं गाव दाखवतो. लेकॉक. गाव एवढंसं, पण पब चार आहेत."

"पबात मी काय करू?"

कोल्हापुरात बिअर बारचा उंबरा मी आयुष्यात एकदाच गाठलाय, तोही आमच्या आचाऱ्याला शोधायला. बाहेरनंच हाक मारली होती, आत पाऊल टाकलं नव्हतं. लेक हसायला लागली. "आई, पब म्हणजे बार नव्हे गं. पब्लिक हाऊसचं झालंय पब. लोकांसाठी उघडं ठेवलेलं घर."

असं म्हटल्यावर मी साडी बदलून तयार झाले. लोकांसाठी उघडं ठेवलेलं घर, मग आमची खानावळ तरी दुसरं काय आहे? पुढच्या सोप्यात पाच टेबलं, मागं आम्ही.

लेकॉक विल्टशायर परगण्यात, चिप्पनहॅमच्या दक्षिणेला तीन मैलांवर. रेल्वेनं जाणाऱ्यानं लंडनच्या पॅडिंग्टनवरनं चिप्पनहॅम गाठावं, पुढं बस आहे. आम्ही गाडीनं गेलो. गाडी गावाबाहेरच्या तळावर लावायची आणि चालत आत यायचं. चालायचं तरी किती? हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट, अशा चार गल्ल्यांचा एक चौकोन, संपलं गाव. महाद्वारातनं निघून बिनखांबीच्या गणपतीला वळसा घालून परत यायला लागतो तेवढा वेळ. घरं दगडाची, काही लाकडाच्या सांगाड्यात माती-चुना भरलेली, एखाद्या घराची भिंत पोट सुटल्यासारखी रस्त्यावर आलेली. डोक्यावर तारा नाहीत, छपरावर अँटेना नाही. १९४४ साली मटिल्डा टॅलबट नावाच्या मालकिणीनं आपला वाडा आणि बहुतेक सगळं गावच नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकलं, तेव्हापासून गाव आहे तसं राखलंय. माणसं राहतात, पण बहुतेक भाडेकरू म्हणून. जुन्या काळातला सिनेमा काढायचा म्हटलं की शूटिंगवाले इथंच येतात. आपल्या पन्हाळ्यासारखं.

आता जॉर्ज इन. हा पब वेस्ट स्ट्रीटवर आहे. १३६१ सालापासून इथं दारू विकायचा परवाना आहे असं तिथं सांगतात. मी मनात हिशेब घातला. १३६१ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेतीनशे वर्षं आधी. तेव्हापासून त्या जागेत कुणी ना कुणी रोज सकाळी उठून फरशी पुसतंय. बाकीच्यांना इतिहास म्हटल्यावर लढाया दिसतात, मला ती फरशी दिसली.

दारावर चित्राची पाटी टांगलेली. इंग्लंडात १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजानं हुकूम काढला की बिअर विकणाऱ्यानं दारावर खूण लावलीच पाहिजे. वाचता येणारे कमी, म्हणून चित्र काढायचं. सिंह, घंटा, देवदूत, जे काय असेल ते. पण मला त्याच्याही आधीची गोष्ट आवडली, ती जावयांनी गाडीतच सांगितली होती. पूर्वी ही बिअर, म्हणजे त्यांची जुनी एल, घरोघरी बायकाच करायच्या. घरात लागेल तेवढी करायची, वर उरली तर विकायची. आज माल तयार आहे हे गावाला कळावं म्हणून दारावर काठी लावून तिला झुडपाची फांदी नाहीतर झाडू बांधायचा. एवढीच जाहिरात. ती एल फार टिकायची नाही. पुढं हॉप्सची फुलं घालून टिकणारी बिअर करता यायला लागली, ती पिंपांत भरून लांब पाठवता यायला लागली, मोठ्या भट्ट्या आल्या आणि हळूहळू बायका मागं पडल्या. धंद्यात पैसा दिसला की पुरुषमंडळी येतात, हे मला इंग्लंडात जाऊन शिकायचं नव्हतं. सासूबाईंनी दोन पाहुण्यांचे डबे देत सुरुवात केली तेव्हा सासरे म्हणायचे, "हे काय नवीन खूळ?" पुढं पाटीवर नाव सासऱ्यांचं लागलं.

आत शिरलो तर छत इतकं खाली की जावयांना मान वाकवावी लागली. काळ्या पडलेल्या तुळया, दगडी फरशी, आणि समोर शेकोटी. शेकोटी म्हणणं चुकीचंच. गुऱ्हाळाच्या चुलाणाएवढा तिचा जबडा. आणि त्याच्या शेजारी वर बसवलेलं एक लाकडी चाक.

मी आधी समजले विहिरीचा रहाट असेल. तो नव्हे. ते कुत्र्याचं चाक. पूर्वी मटणाचा अख्खा तुकडा सळईला ओवून विस्तवापुढं भाजायचे. सळई सारखी फिरवत राहावी लागते, थांबली की एक अंग करपणार आणि दुसरं कच्चं राहणार. ज्यानं आयुष्यात कोळशावर काही भाजलंय त्याला हे सांगायला नको. तर ही सळई फिरवायला कुत्रं पाळायचे. कुत्र्याला चाकात चढवायचं, ते आत पळत राहणार, चाक फिरणार, चाकावरनं पट्टा सळईला जोडलेला, सळई फिरणार. तासन् तास. त्यासाठी लांब अंगाची, आखूड वाकड्या पायांची वेगळी जातच होती. १५७६ साली कुत्र्यांवर छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात तिचा उल्लेख आहे. मोठ्या स्वयंपाकघरात दोन कुत्री असायची, एक आज, दुसरं उद्या. रविवारी याच कुत्र्यांना देवळात घेऊन जायचे, थंडीत पायावर ठेवायला. पुढं सळई आपोआप फिरवणारी यंत्रं आली आणि एकोणिसाव्या शतकात ही जातच संपली. एकच भुसा भरून ठेवलेलं कुत्रं वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात आहे. त्याचं नाव व्हिस्की.

मी त्या चाकाखाली बराच वेळ उभी होते. नातू म्हणाला, "आज्जी, तू काय बघतेस एवढं?" मी म्हटलं, काही नाही. चाकाच्या आतल्या फळ्या बघत होते. आमच्याकडं भाकरीला एक मावशी आहेत. २२ वर्षं झाली. दिवसाला दीडशे भाकऱ्या, रविवारी दोनशेच्या वर. चुलीपुढं बसल्या की उठायचं नाव नाही. डोक्यात ते का आलं मी सांगत बसत नाही.

गंमत म्हणजे त्याच शेकोटीपुढं त्या दिवशी एक तपकिरी कुत्रं चारी पाय पसरून झोपलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. आम्ही बसायच्या आधी काउंटरवरची पोरगी आली आणि पहिलं काय केलं तर त्या कुत्र्यापुढं पाण्याचा वाडगा ठेवला. आम्हाला पाणी मग, मागितल्यावर. कुत्र्यांचे दिवस फिरले असं म्हणायचं.

मागवायची पद्धत आधी समजून घ्या, नाहीतर आपण बसून राहतो आणि कुणी विचारत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, आपण उठून काउंटरवर जायचं, काय हवं ते सांगायचं आणि तिथंच पैसे द्यायचे. जेवायच्या आधी पैसे! माझ्याकडं महिन्याची वही चालते. मेंबर पोरांची तीन-तीन महिन्यांची उधारी मी पोटात घेते. पण एक गोष्ट मला तिथं फार पटली. काउंटरवर रांग नसते, माणसं अशीच पसरून उभी असतात, तरी आधी कोण आलं हे काउंटरमागच्या पोरीला बरोबर माहीत. एकानं तिला पैसे दाखवले तर तोच म्हणाला, "माझ्या आधी या बाई आहेत." या बाई म्हणजे मी. आमच्या गावात मिसळीला गेलं की आपल्या खुर्चीच्या पाठीमागं माणूस उभा राहतो आणि आपल्या शेवटच्या पावाकडं बघत राहतो, ते आठवलं.

आता बिअर. मी घेत नाही. पण जावयांच्या ग्लासातला एक घोट घेतला, खोटं कशाला बोलू. इथं डिव्हायझेसच्या वॉडवर्थ कंपनीची बिअर मिळते. कंपनी १८७५ सालची, तिची नावाजलेली बिअर सिक्स एक्स. पूर्वी पिंपावर फुल्या मारून बिअर किती कडक ते दाखवायचे, त्यातलं हे नाव. काउंटरवर लांब दांड्याचा हातपंप असतो. पोरगी तो बोअरिंगच्या हापशासारखा ओढते आणि खाली तळघरातल्या पिंपातनं बिअर वर येते. न विचारता तिनं आधी चवीला म्हणून बोटभर ग्लासात थोडी दिली, फुकट. आवडली तर घ्या. मग पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, ग्लास काठोकाठ.

इंग्रजांची बिअर कोमट असते अशी इकडं टिंगल चालते. ती माहीत नसलेल्या माणसांची टिंगल आहे. कोमट नसते, माठातल्या पाण्यासारखी असते. १२ अंशांच्या आसपास. फ्रीजमधलं पाणी आणि माठातलं पाणी यातला फरक ज्याला कळतो त्याला हे कळेल. फार गार केलं की जिभेला चव लागत नाही, उन्हाळ्यात मी ताकात बर्फ टाकू देत नाही ते याचसाठी. आणि ही बिअर पिंपात जिवंत असते, आंबणं आतल्या आत चालू असतं. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट होते. म्हणजे रोज किती खपणार याचा अंदाज हातात पाहिजे. हे ऐकल्यावर मला त्या पबवाल्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. बुधवारी पाऊस लागला की माझा किती रस्सा उरणार, या चिंतेत मी निम्मं आयुष्य काढलंय. चवीचं म्हणाल तर कडवट, काडेचिराईताच्या काढ्याची लांबची बहीण, मागनं थोडी काकवीसारखी गोडी. मला एक घोट पुरला.

रविवारचं जेवण म्हणजे रोस्ट. मी कोकराचं मटण घेतलं. मटणाचे कापे, भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, आणि वर एक फुगलेली वाटी, तिला म्हणतात यॉर्कशायर पुडिंग. नावावर जाऊ नका, गोड नसतं. अंडी, दूध, मैदा यांचं पातळ पीठ कडक तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ठेवायचं, ते टम्म फुगतं. पुरीचा फुगा आणि आंबोळीची जाळी एकत्र केली तर जे होईल ते. पूर्वी हे सळईवरच्या मटणाच्या खाली ठेवायचे, वरनं गळणारी चरबी त्यात पडायची. आणि जेवताना हे रश्शाबरोबर आधी वाढायचे, म्हणजे पोट भरतं आणि महागाचं मटण कमी लागतं. मी ऐकून हसायलाच लागले. लेक म्हणाली, काय झालं? अगं, आम्ही पांढरा रस्सा आधी का देतो? पाहुणा दोन वाट्या पिऊन तृप्त होतो आणि सुक्याच्या ताटलीला हात सावकाश जातो. कोल्हापूरचं ते आतिथ्य आहे, खरंच आहे. पण त्या आतिथ्याच्या पोटात थोडा हिशेबही आहे, हे धंद्यातलं माणूसच सांगेल.

मटण मऊ. बोटानं तुटत होतं. बटाट्याची साल कुरकुरीत, आत पिठूळ, त्या बटाट्यासाठी मी परत जाईन. मीठ बेताचं. तिखट अर्थातच नाही. पुदिन्याची चटणी येते, ती आपल्या चटणीतली मिरची काढून व्हिनेगर आणि साखर घातल्यासारखी लागते. मी पर्समधली कांदा-लसूण चटणीची डबी काढली आणि टेबलाच्या कडेनं थोडी ताटात घेतली. लेक डोळे वटारून बघत होती. बघू दे.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे, आणि ते या पबशी नाही, त्या सगळ्या देशाशी आहे. रस्सा. त्याला ते ग्रेव्ही म्हणतात. एवढ्या मोठ्या ताटाला एवढीशी झारी. मी दुसरी मागितली, पोरीनं हसत आणून दिली. तिसरी मागायला लेकीनं जाऊ दिलं नाही. ज्या देशात सात महिने थंडी असते तिथल्या माणसांनी रस्सा वाटीनं मोजून द्यावा, याला काय म्हणायचं? शेवटी खजुराचं स्टिकी टॉफी पुडिंग घेतलं, गरम, वर आइस्क्रीम. त्याच्यावरचा पाक म्हणजे सरळ आपली काकवी आणि लोणी. नातवानं ताटली चाटली, कुणी बघत नाही बघून मीही बोट फिरवलं. चौघांचं बिल ८० पौंडांच्या आतबाहेर. रुपयांत हिशेब लेकीनं करू दिला नाही.

स्वयंपाकघराचं दार : सारखं हलत होतं, पण आपटत नव्हतं. पोरं घाईत, पण तोंडं हसरी. मोरी : लखलखीत. साबण भरलेला.

जेवल्यावर पाय मोकळे करायला निघालो. ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चौदाव्या शतकातलं कोठार आहे. शेतकऱ्यानं पिकाचा दहावा हिस्सा आणून इथं टाकायचा. आत गेल्यावर मान वर करून छताकडं बघा, उलटी केलेली होडीच. आणि त्याला चिकटून एक गोल, घुमटाची, एवढीशी खोली. खिडकी नाही. प्यायलेल्याला रात्रभर तिथं कोंडायचे. असल्या खोलीला तिकडं आंधळं घर म्हणतात. चार पब आणि एक आंधळं घर, गावाची सोय पूर्ण. आमच्या भागात ती सोय जुना राजवाडा पोलीस ठाण्यात आहे.

मग ॲबी, म्हणजे जुना मठ. तो एला नावाच्या बाईनं बांधला. सॅलिस्बरीची काउंटेस. १२२६ साली नवरा वारला. नवरा जॉन राजाचा सावत्र भाऊ, म्हणजे हिच्यावर पुन्हा लग्नासाठी किती जणांचा डोळा असेल. हिनं लग्न केलं नाही. विल्टशायरची शेरीफ म्हणून परगण्याचा कारभार पाहिला, १२३२ साली एकाच दिवशी दोन मठांचा पाया घातला, त्यातला एक हा, आणि पुढं स्वतः इथली मठाधिपती झाली. मला आमच्या कावळा नाक्यावरच्या घोड्यावर बसलेल्या ताराराणी दिसायला लागल्या. राजाराम महाराज १७०० साली गेले तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, समोर औरंगजेब. एलाला लढाई करावी लागली नाही, पण विधवेनं हातातली सत्ता सोडायची नाही हे दोघींनाही बरोबर कळलं होतं.

तीनशे वर्षांनी आठव्या हेन्रीनं मठ मोडले आणि हा वाडा विल्यम शॅरिंग्टननं विकत घेतला. हा गडी ब्रिस्टलच्या टांकसाळीवर होता आणि तिथं अफरातफर केली म्हणून पकडला गेला, पुढं माफी मिळाली, मालमत्ताही परत मिळाली. काही गोष्टी सगळीकडं सारख्याच.

पण ॲबीत खरी बघायची गोष्ट म्हणजे एक खिडकी. साधी, काचेच्या चौकोनी तुकड्यांची, पुढं आलेली. हेन्री फॉक्स टॅलबट या वाड्याचा मालक. त्यानं १८३५ च्या ऑगस्टमध्ये या खिडकीचा फोटो घेतला, कागदावर. टपालाच्या तिकिटाएवढा. जगात आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ती. त्यानं शेजारी लिहून ठेवलंय की पहिल्यांदा काढली तेव्हा भिंगातून बघितलं तर काचेचे दोनशेच्या आसपास तुकडे मोजता यायचे. त्याचे छोटे छोटे लाकडी कॅमेरे घरभर पडलेले असायचे, बायको त्यांना उंदराचे सापळे म्हणायची. नवऱ्याच्या उद्योगाला बायकोनं दिलेलं नाव नेहमी नेमकं असतं. मी खिडकीपुढं उभी राहिले आणि खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ आठवला. रोज भाजी आणायला जाताना बघते, पण बघते म्हणजे बाजूनं जाते. बाबूराव पेंटरांनी शंभरेक वर्षांपूर्वी याच आमच्या गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि सिनेमा काढला. त्या खिडकीत आणि या कॅमेऱ्यात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचं अंतर, आणि मध्ये अर्धं जग. नातवाला हे सांगितलं तर त्याचा प्रश्न, "मग त्याचा पण पबच्या शेजारी पुतळा आहे?" नाही रे बाबा.

चहाला साइन ऑफ द एंजलमध्ये. हे पंधराव्या शतकातलं घर, लोकरीच्या व्यापाऱ्याचं. या गावाचा पैसाच लोकरीचा, मेंढरांवर गाव उभं राहिलं. तेव्हा एंजल नावाचं सोन्याचं नाणं चालायचं, १४६५ साली निघालेलं, त्यावरनं नाव पडलं म्हणतात. जमीन इतकी तिरकी की चमचा खाली पडला आणि घरंगळत गेला. तिथं स्कोन खा, म्हणजे बेकरीतल्या खारीपेक्षा जाड, बिस्किटापेक्षा मऊ असा गोळा, त्याच्यावर जॅम आणि क्लॉटेड क्रीम. क्लॉटेड क्रीम म्हणजे मंद आचेवर तासन् तास ठेवून धरवलेली साय. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या कोल्हापूरकरानं काय सांगावं, पण चांगली होती. पिवळसर, वर पापुद्रा. ती आधी लावायची की जॅम आधी, यावर तिकडं दोन परगण्यांत वाद आहे. मी दोन्ही कालवून खाल्लं.

रेड लायन हा पब हाय स्ट्रीटवर, लाल विटांचा, बाकी गावाच्या मानानं तरुण. उन्हात बाहेर बसायला बरा. कार्पेंटर्स आर्म्समध्ये फक्त डोकावलो, पोटात जागा नव्हती.

आता एक तक्रार, आणि ही लेकॉकची नाही. परतीच्या वाटेवर दुसऱ्याच एका गावात पोराला भूक लागली म्हणून थांबलो. नाव सांगत नाही. दारावर लिहिलेलं, सहापर्यंत जेवण. घड्याळात पाच चाळीस. आतला माणूस म्हणाला, आचारी गेला. गेला म्हणजे? आज गर्दी नव्हती, लवकर गेला. आणि आमच्यापुढं बटाट्याच्या वेफर्सची दोन पाकिटं ठेवली. गिऱ्हाईक दारात आणि आचारी घरात! माझ्याकडं रात्री पावणेअकराला माणूस आला तर पिठलं-भाकरी तरी मिळतेच, आणि नसेल तर दारावरची पाटी आम्ही उलटी करतो. मला इंग्रजी येत असतं तर त्या दिवशी एक मराठी शब्द त्या गावाच्या इतिहासात गेला असता.

जावई गाडी चालवताना म्हणाले की खेड्यातले पब तिकडं बंद पडत चाललेत. काही ठिकाणी गावकरी वर्गणी काढून, भाग विकून पब विकत घेतात आणि स्वतः चालवतात. २०११ च्या एका कायद्यानं अशी जागा गावाच्या मोलाची म्हणून नोंदवता येते, मग मालकानं ती विकायला काढली तर गावाला पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. मी म्हटलं, हा तर आमचा सहकार. दूध संस्था, सोसायटी, तालीम. कोल्हापूरला पब नाहीत असं म्हणणाऱ्याला मी रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घेऊन जाईन. समोर म्हैस, ग्लासात फेसाळ धारोष्ण दूध, हातात ग्लास घेऊन उभी राहिलेली माणसं, आणि विषय काय तर कालच्या फुटबॉल मॅचला पाटाकडील तालमीनं गोल कसा घालवला.

"पण आई," जावई म्हणाले, "साडेसहाशे वर्षांचं हॉटेल काही आपल्याकडं नाही."

नसेल. पण भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल होतं. राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना म्हणाले, नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. त्यांनी हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा गावात कोण पिणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावायचे. लोकांसाठी उघडं ठेवलेलं घर म्हणता ना, ते सगळ्या लोकांसाठी उघडायला कधीकधी राजाला चहा प्यावा लागतो. जावई गप्प बसले. बराच वेळ.

लेकॉकला जायचं असेल तर रविवारी टेबल आधी सांगून ठेवा, जॉर्जमध्ये शेकोटीजवळचं मागा. ॲबीला तिकीट आहे, दोन तास धरा. पाऊस येतोच. पायात चांगली चप्पल, सपाट. आणि रस्सा दोनदा मागायला लाजू नका.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर मावशींना चुलीपुढं बसून चाकाची गोष्ट सांगितली. वाकडे पाय, सळई, शेकोटी, व्हिस्की, सगळं. हातावरची भाकरी थापत त्या ऐकत होत्या. दोन कुत्री असायची, एक आज, दुसरं उद्या, हे सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे त्याला एक दिसाआड सुट्टी व्हती व्हय?"

भाकरीला दुसरी बाई बघतोय. मंगळवार पेठ, नाहीतर जवळपासची हवी, एक दिवसाआड. भाकरी पातळ आणि पसरट यायला पाहिजे. कुणी माहितीत असेल तर खानावळीत निरोप ठेवा.